तेच-ना साहेब

रोज सकाळी गेटातून आत आले की समोर येणाऱ्या पहिल्या माणसाला ते विचारायचे, "तुम्ही तेच ना?" काल ज्याच्याबरोबर चहा घेतला, त्यालाही. हमालांना वाटायचं, साहेब थट्टा करतात. वॉचमनला वाटायचं, संशय घेतात. एका ट्रकवाल्याने वैतागून उलट विचारलं, "वही मतलब कौन?" तर हे शांतपणे म्हणाले, "वो तो आप बताओगे." आठवड्याभरात त्यांचं नाव तेच-ना साहेब पडलं. खरं नाव पगारपत्रकावर होतं. पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही, म्हणून इथेही ते लिहीत नाही.

मी त्या वेळी पूर्णा गावातल्या त्या गोडाऊनचं ऑफिस सांभाळत होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि हातात दिवसाच्या कामांची यादी, एवढ्यावर माझं राज्य चालायचं. मुंबईच्या हेड ऑफिसात कंपनीच्या सगळ्या माणसांची एक डिरेक्टरी होती. कोण कामाला लागलं, कोण सोडून गेलं, कोणाची बदली झाली, ते सगळं तिच्यात. आमच्या गोडाऊनच्या कॉम्प्युटरवर मात्र वेगळी खाती होती. माल आत घेताना आणि बाहेर काढताना ज्याने त्याने आपलं खातं उघडायचं. ही खाती सुपरवायझरांनी घाईत, मनाला येतील त्या नावांनी काढलेली. 'बाळू', 'बाळू नवीन', 'सेकंड शिफ्ट', 'भाऊचा मेव्हणा'. हेड ऑफिसने ठरवलं की यापुढे दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. रोज सकाळी एक प्रोग्राम डिरेक्टरी वाचणार आणि आमच्या खात्यांशी ताडून बघणार. जुळेल ते खातं चालू. डिरेक्टरीत ज्याचा माणूस सापडणार नाही, ते बेवारस म्हणून त्याच दिवशी बंद. हा मेळ बसवायला साहेब करारावर आमच्याकडे आले होते.

"ताडायचं कशावर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाव आणि जन्मतारीख."

मी म्हटलं, "मग इथे तुमचं कठीण आहे." झालंही तसंच. इकडच्या शाळांत पूर्वी ज्याची जन्मतारीख घरच्यांना सांगता येत नसे, त्याला मास्तर एक जून देऊन टाकत. अर्ध्या गोडाऊनचा वाढदिवस एकाच दिवशी. त्यात आडनावं चार-दोनच, पाटील, म्हात्रे, भोईर, तरे. वडिलांची नावंही तीच तीच. प्रोग्राम गोंधळला की पडद्यावर दोन नावं शेजारी ठेवून इंग्रजीत एक प्रश्न यायचा. त्याचा अर्थ एवढाच, की हा माणूस तोच आहे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

माझ्यासारखीने दुपारपर्यंत सगळी 'हो' दाबून यादी संपवली असती. साहेब उठायचे, शेडमध्ये जायचे, त्या माणसाला शोधून त्याच्यासमोर उभे राहायचे आणि विचारायचे. "डिरेक्टरी सांगते कोण असायला हवं," ते म्हणायचे. "खातं सांगतं कोण येऊन गेलं. दोघांच्या मधे माणूस असतो, मॅडम. विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही." दुसरं म्हणणं असं की खातं बंद करा, पण पुसू नका. माणूस गेला म्हणून तो इथे होता हे खोटं होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एका सकाळी हेड ऑफिसकडून डिरेक्टरी अर्धवटच आली. त्यांच्याकडे काहीतरी बिघडलं होतं. आमच्या प्रोग्रामला वाटलं, अर्धं गोडाऊन नोकरी सोडून गेलं. त्या सगळ्यांची खाती बंद झाली असती आणि दारात ट्रक उभे राहिले असते. पण साहेबांनी आधीच एक अट घालून ठेवली होती, की एका दिवसात फार माणसं नाहीशी झालेली दिसली तर प्रोग्रामने काही करायचं नाही, थांबायचं. मॅनेजर खूश झाले. "तुम्हाला हे सुचलं कसं?" साहेब म्हणाले, "एवढी माणसं एकदम जात नसतात. जातात ती एकेक करून."

मला त्यांचा खरा उलगडा झाला तो बाजारात. रविवारी निजामपुऱ्यात भाजी घेताना ते समोरून आले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि निघून गेले. मला राग आला. मनात ठेवायची माझी पद्धत नाही. सोमवारी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन विचारलं. ते घाईघाईने उठून उभे राहिले.

"मला चेहरे लक्षात राहत नाहीत," ते म्हणाले. "लहानपणापासून. डोळे चांगले आहेत. नाक, डोळे, तोंड सगळं दिसतं, पण त्यातून माणूस होत नाही."

"मग इथे रोज मला कसं ओळखता?"

"किल्ल्या वाजतात ना."

त्या दिवसापासून मी ऑफिसातल्या त्यांच्या खोलीत शिरताना जुडगा मुद्दाम हलवायला लागले. रविवारीही पर्समध्ये घेऊन निघायचे. कोणाला आवाजावरून, कोणाला चालीवरून, कोणाला खोकल्यावरून ते धरायचे. नाहीच जमलं तर विचारायचे. लोक दुखावतात हे त्यांना माहीत होतं. लग्नही झालेलं होतं. मांडवात ते बायकोच्या मामेबहिणीशीच बोलत बसले होते, ही गोष्ट त्यांनी मला हसत सांगितली. पुढची हसत सांगितली नाही. "स्टँडवर, देवळात, लग्नाकार्यात, दर वेळी तिला येऊन सांगावं लागायचं की मी ती आहे. किती वर्षं सांगेल? दमली. माहेरी गेली ती गेली."

निजामपुऱ्यात एका पॉवरलूमच्या शेडवर त्यांची खोली होती. खाली दिवसरात्र लूम चालायचे, जिना थरथरायचा. इतकी कानठळ्या बसवणारी जागा का घेतली, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बरी आहे. तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे कोणी कोणाशी बोलत नाही. ओळख दाखवायचा प्रश्न येत नाही."

अशा माणसाला जेवायला सोबत मिळाली ती एकनाथ म्हात्रेची.

म्हात्रे पूर्ण्याचेच. गोडाऊन ज्या जमिनीवर उभं होतं, तिच्यातला एक तुकडा त्यांच्या घराचा. जमीन घेताना कंपनीने प्रत्येक घराला एक नोकरी दिली होती. म्हात्र्यांच्या घरातून एकनाथ लागला होता, मालाची खोकी मोजून कॉम्प्युटरवर चढवायला. दुपारी तो ट्रक लागतात त्या धक्क्यावर डबा उघडून बसायचा आणि साहेबांना हाक मारायचा. साहेबांचा रोजचा प्रश्न ऐकून न चिडणारा आमच्याकडे तो एकटाच.

"तू तोच ना?"

"तोच, तोच! दुसरा कुटना आनू?" आणि असा हसायचा की धक्क्यावरचे सगळे वळून बघायचे. मग तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी. साहेब देशावरचे, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी हात थांबायचा नाही. पुढे रविवारी घरी बोलावणं सुरू झालं. म्हात्रे घराने साहेबांना मामा करून टाकलं. सोमवारी सकाळी ते जरा ताठ चालायचे, आणि मला न विचारता सांगायचे, काल काय जेवले ते.

मग गेटवर अंगठ्याचं मशीन बसवायचं ठरलं. प्रत्येकाचा अंगठा घ्यायचा, तो डिरेक्टरीतल्या नावाला जोडायचा. त्याशिवाय आत येणं नाही, खातं उघडणं नाही. एका खात्यावर दुसरा माणूस सापडला, तर नोकरी गेली. तशी नोटीसही लागली. अंगठे घेण्याचं काम साहेबांकडे आलं. मी माणसांची यादी करून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी म्हात्रेच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"हे तिघं आहेत," ते म्हणाले.

"कोण तिघं?"

"एकनाथ. एक हसण्याआधी खोकतो. एक बोलताना शेवटचा शब्द गिळतो. एक शीळ घालतो. तिघं भाऊ आहेत. पाळीपाळीने येतात."

माझा विश्वास बसेना. त्या माणसाला मी रोज बघत होते. साहेब म्हणाले, "तुम्ही चेहरा बघता, म्हणून फसता. तिघांचा एकसारखाच असणार. मी बघतच नाही." मी दोन-तीन दिवस नीट लक्ष ठेवलं. खरंच, दुपारी डबा घेऊन जो यायचा तो आत राहायचा आणि आतला बाहेर जायचा. भाताची कामं, खाडीवरची मासेमारी, सासुरवाडी, दुखणंखुपणं, ज्याला जशी सवड तशी पाळी. कागदावरचा एकनाथ मधला. सगळ्यात जास्त पाळ्या भरायचा तो थोरला.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि बोलला नाहीत?"

ते टेबलावरची पेन्सिल सरळ करत म्हणाले, "जेवायला बोलावत होते."

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर म्हात्र्यांच्या घरी गेले. त्यांनीच सांगितलं, चला, घरात कोण कोण आहे ते मला दिसणार नाही. ओसरीवर ताटं मांडली होती. म्हातारी आई भिंतीला टेकून बसलेली, तिघे भाऊ ओळीने. शेजारी शेजारी पाहिल्यावर मला ते वेगळे दिसले, आणि इतके दिवस मी काय बघत होते असं झालं.

विषय थोरल्यानेच काढला. आधी खोकला, मग म्हणाला, "मामा, त्या मशीनमदी येका मानसाची दहाबी बोटं घेता येतात म्हनं."

"येतात. एखादं सोललं, कापलं, तर दुसरं चालावं म्हणून."

"मंग झाला की," धाकटा म्हणाला. "आमच्या तिघांचं येकेक बोट टाका येकनाथच्या नावानं. सात उरतात, ती तुमाला."

सगळे हसले. मलाही हसू आलं, कारण युक्ती बिनचूक होती. मशीनला बोट कोणाचं ते कळत नाही, कोणाच्या नावावर आहे एवढंच कळतं. बोटं घेणारे साहेब एकटेच. कोणाला पत्ता लागला नसता.

साहेब हसले नाहीत. मधला म्हणाला, "तुमाला तर तोंडंबी वळखाया येत न्हाईत मामा. कोनी इचारलं तर सांगायचं, मला काय ठावं, समदी सारखीच."

"तोंडं ओळखता येत नाहीत म्हणूनच तर कळलं," साहेब म्हणाले.

आतापर्यंत गप्प बसलेली म्हातारी पुढे सरकली. "जमीन घराची गेली, मामा. कुना येकाची न्हाय गेली. मंग नोकरी येकाची कशी?"

साहेबांनी ताटातला हात तसाच ठेवला. "आई, तुमचं बरोबर आहे. पण डिरेक्टरीत घर लिहायला जागा नाही. तिथे माणूसच लागतो."

"मंग शिकवा तिला, घर काय असतं ते."

"मी एकटा राहतो, आई. मी काय शिकवणार?" मग थोरला बसला होता त्या बाजूला तोंड करून म्हणाले, "गोडाऊनला आग लागली तर काय करतात, माहीत आहे? सगळ्यांना बाहेर मैदानात उभं करतात आणि मशीनमधली नावं वाचतात. दुपारी तुम्ही पाळी बदलता. मधला नुकताच बाहेर पडलेला, तू आत. वाचणारा म्हणेल, एकनाथ म्हात्रे. मधला मैदानात उभा असेल. तो म्हणेल, हाय. खूण झाली. पुढचं नाव. तुला शोधायला आत कोणी जाणार नाही. कारण कंपनीच्या लेखी तू नाहीसच."

थोरल्याची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"मी एकच माणूस घेणार," साहेब म्हणाले. "कोण, ते घराने ठरवा. आजवरचं मी कोणाला सांगणार नाही." आणि ते जेवले. सगळं ताट संपवलं. मला कळलं, पुन्हा इथे जेवायला मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

मधल्याचाच अंगठा लागला, कागदावर तोच होता. आजवरचं खरोखरच कोणाला कळलं नाही. नोकरी घरात राहिली, पण घराची राहिली नाही. थोरल्याची बायको म्हणाली, खोकी वाहिली आमच्या मानसानं आन नाव लागलं दुसऱ्याचं. वर्षाच्या आत चुली वेगळ्या झाल्या. धाकटा वज्रेश्वरीला जाऊन देवळाच्या रस्त्याला नारळ-फुलांचं दुकान घालून बसला. थोरल्याने भाड्याची रिक्षा घेतली.

एकनाथ धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जेवायला बसायला लागला. एखाद्याला टाळायचं तर माणसाला रस्ता बदलावा लागतो, नजर चुकवावी लागते. साहेबांना टाळायला तेवढेही कष्ट नव्हते. नुसतं बोलायचं नाही. एकनाथ अगदी शेजारून गेला, तरी ते मान वर करून त्याच अनोळखी नजरेने विचारायचे, "तुम्ही तेच ना?" एकनाथ उत्तर न देता पुढे जायचा. ते थोडा वेळ वाट बघायचे, मग डब्याचं झाकण लावायचे. मी एकदा जाऊन त्यांच्याबरोबर बसले. त्यांनी माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी घेतली, छान आहे म्हणाले. पण डोळ्यांतून पाणी काढणारी ती भाजी नव्हती.

काम संपलं, करार संपला, साहेब गेले. निरोपसमारंभ करारावरच्या माणसाला नसतो. मी पेढे आणले, ते त्यांनी गेटपर्यंत जाताना भेटेल त्याला वाटले. एकनाथच्या हातावरही एक पडला. कोणाला दिला ते त्यांना कळलं नाही. एकनाथने तो खाल्ला नाही, टाकलाही नाही. रुमालात बांधून घेऊन गेला.

पुढे काही दिवसांनी सकाळी मेळ बसवताना प्रोग्रामने माझ्यापुढे एक प्रश्न टाकला. आता ते काम माझ्या यादीत आलं होतं. आमच्या कंपनीत साहेबांचं नाव तीनदा होतं. एकदा फार पूर्वी हेड ऑफिसात कायम नोकरीवर, मग एका ठेकेदाराकडून आलेला माणूस म्हणून, आणि तिसऱ्यांदा आमच्याकडे. तिन्ही ठिकाणी नंबर वेगळे, नाव लिहिण्याची तऱ्हा वेगळी. सगळ्यांची खाती त्यांनी जोडून दिली होती. स्वतःची तेवढी राहिली होती. मला ते एकदा म्हणाले होते, "माझं शेवटी करू." पडद्यावर प्रश्न होता, हा माणूस तोच आहे का?

उत्तर मला माहीत होतं. बोट 'हो'वर गेलंही. पण विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही. फोन लागेना. मी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाहेर आले. गेटसमोर रिक्षा उभी होती, आत थोरला.

"निजामपुरा," मी म्हटलं.

"मामाकडं?" त्याने आरशातून पाहिलं. मी हो म्हटलं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवून म्हणाला, "मी वर येत न्हाय बाई. येऊन काय? वळखायचा न्हाय तो."

दुपारचं लोडशेडिंग चालू होतं. एरवी बोलणं अशक्य अशा त्या गल्लीत चपलांचा आवाज ऐकू येत होता. लूमवाले कामगार ओट्यांवर येऊन बसले होते. मी जिना चढताना जुडगा वाजवला. दार उघडण्याआधीच आतून आवाज आला, "या मॅडम."

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, एक खुर्ची. मला खुर्ची देऊन ते खाटेवर बसले. मी आल्याचं कारण सांगितलं, तीन नावं वाचून दाखवली आणि पद्धतीप्रमाणे विचारलं, "तुम्ही तेच ना?"

त्यांना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसावा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तिन्ही मीच," ते म्हणाले. "पहिला होता तेव्हा लग्न झालेलं होतं. दुसऱ्याच्या वेळी नव्हतं. तिसरा रविवारी जेवायला जायचा." मग म्हणाले, "जोडून टाका. आता वेगळं ठेवण्यासारखं काही नाही."

तेवढ्यात खालून हाक आली. "मामा!"

साहेब ताडकन उभे राहिले. "थोरला," ते म्हणाले. 'कोण' नाही, 'तेच ना' नाही. ते गॅलरीत धावले. मी मागे गेले. खाली गल्ली माणसांनी भरलेली. थोरला रिक्षातून उतरून वर बघत उभा होता. साहेबांनी त्या गर्दीवरून नजर फिरवली आणि हात वर केला, ओट्यावर बसलेल्या एका भलत्याच माणसाकडे बघून. तो माणूस गोंधळला, त्यानेही हात केला. साहेबांचा चेहरा उजळला. मी म्हणणार होते, तिकडे नाही, इकडे. थोरल्यानेही तोंड उघडलं. नेमकी त्याच क्षणी वीज आली. गल्लीतले सगळे लूम एकदम सुरू झाले. थोरल्याचे ओठ हलताना मला दिसले. आवाज मला आला नाही, साहेबांना तर नाहीच. ते त्या परक्या माणसाकडे बघून हात हलवत राहिले. मी त्यांचा हात धरून वळवेपर्यंत थोरला रिक्षात जाऊन बसला होता.

परतताना बऱ्याच अंतरावर गेल्यावर त्याने विचारलं, "वळखलं का मला?"

"पहिल्या हाकेला."

"काय म्हनाला? येकनाथ म्हनाला?"

"नाही. थोरला म्हणाले."

त्याने रिक्षा कडेला घेतली. इंजिन चालूच होतं. "इतकी वर्सं त्या गोडाऊनमदी राबलो," तो म्हणाला. "वॉचमन, मॅनेजर, तुमी, समदी येकनाथ म्हनायची. मी हाय हे ठावं असलेला तो येकटाच व्हता." मग हँडल धरत म्हणाला, "आईतवारी घेऊन जातो त्याला जेवाया. माज्या चुलीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'हो' दाबलं. तीन नोंदींची एक झाली. मग साहेबांच्याच पद्धतीने खातं बंद केलं, पुसलं नाही.

रविवारी थोरला एकटा गेला. खोलीला कुलूप होतं. लूमच्या मालकाने सांगितलं, शुक्रवारी सामान घेऊन गेले, कुठे ते बोलले नाहीत. हेड ऑफिसच्या डिरेक्टरीत जो पत्ता होता तो निजामपुऱ्याचाच. मी पुढे बरीच वर्षं चौकशी केली. माणूस सापडला नाही.

साहेब गर्दीत दिसले तर मी त्यांना ओळखेन. ते मला ओळखणार नाहीत, म्हणून अजून मी बाजारात निघताना किल्ल्या घेते. थोरल्याकडे किल्ल्या नाहीत. गेल्या खेपेला त्याच्या रिक्षाने निजामपुऱ्यातून येत होते. वीज गेली, लूम थांबले. त्याने रिक्षा थांबवली, बाहेर डोकं काढलं, आधी खोकला, आणि वरच्या खिडक्यांकडे बघून एकदाच हाक मारली.

"मामा!"

दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं आली, खाली बघितलं, आत गेली. त्याने लूम परत सुरू होईपर्यंत वाट पाहिली. मग रिक्षा सुरू केली.